दादाची दारू : वरणात पूड कालवली, आता पुढे काय?

तापीकाठचा | ११ फेब्रुवारी, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदा. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी पुण्यात नोकरीला, घर रावेर तालुक्यात. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, ४४ चा. घरची केळी तोच बघतो. आमच्या पट्ट्यात केळीचं गणित ज्याला कळतं त्याला मान असतो, आणि दादाला ते कळतं. निदान कळत होतं. दारू आधी कापणीच्या दिवशी, मग आठवडी बाजारच्या दिवशी, गेली पाच-सहा वर्षं रोज. हल्ली सकाळीही.

दिवाळीत वहिनी रडली म्हणून मी नेटवर एक पूड मागवली. 'रुग्णाला न सांगता दारू सोडवा', आयुर्वेदिक, वास नाही, चव नाही. पाकिटावर ना कंपनीचा धड पत्ता, ना आत काय आहे ते. आईने आठवडाभर ती वरणात कालवून दिली. परवा संध्याकाळी तो नेहमीसारखा पिऊन आला. पंधरा मिनिटांत तोंड लालबुंद, डोळे तांबडे, छातीवर हात ठेवून ओट्यावर बसला आणि उलट्या सुरू. बीपी इतकं खाली की तालुक्याच्या डॉक्टरांनी दोन सलाइन लावली आणि मला फोनवर झापलं. म्हणाले, "पुडीत डायसल्फिराम असणार. हृदय कमकुवत असतं तर गेला असता."

आई एवढंच म्हणाली, "पोराले मारलं असतं रे आपण."

दादा आता घरी आहे. काल पुन्हा प्यायला. त्याला पूड कळली आहे. माझ्याशी बोलत नाही. विचारायचं ते असं, की हे व्यसनच आहे हे ठरवायचं कसं (तो म्हणतो, "मले काही झालं नाही, उद्या सोडतो"), आणि सुरुवात कुठून करायची?

---

भुसावळ_फलाट_४ | ११ फेब्रुवारी, रात्री ११.५८

भाऊ, सोपं आहे. चार दिवस खोलीत कोंडा, कडी बाहेरून. ओरडेल, शिव्या देईल, पाचव्या दिवशी माणूस साफ. आमच्या चाळीत दोघांची अशीच सुटली.

---

मनोमन | १२ फेब्रुवारी, सकाळी ७.१५

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, खान्देशातच. ओपीडीला जायच्या आधी घाईत लिहितोय.

फलाटभाऊ, कृपा करून हा सल्ला कोणाला देऊ नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एका झटक्यात तोडली तर पहिल्या सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो : भिंतीवर किडे, नसलेली माणसं, दिवस-रात्र कळत नाही, ताप, नाडी पळते. याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार नसतील तर माणूस दगावतो. तुमच्या चाळीतले दोघं वाचले ते नशीब.

आता पुडीबद्दल. प्यायलेल्या दारूचं यकृत आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं आणि मग त्याचं निरुपद्रवी आम्ल. डायसल्फिराम दुसरी पायरी अडवतं. विष मध्येच साचतं आणि तुमच्या दादाचं झालं ते होतं. डेन्मार्कमध्ये १९४०च्या दशकाच्या शेवटी हे औषध दारूसाठी पुढे आलं आणि नीट वापरलं तर आजही उपयोगी आहे. नीट म्हणजे रुग्णाला पूर्ण माहिती देऊन, त्याच्या संमतीने, यकृत आणि हृदय तपासून, शेवटच्या घोटानंतर किमान एक दिवस गेल्यावर. गोळी बंद केल्यावरही दोन आठवडे असर राहू शकतो. तेव्हा खोकल्याच्या काही औषधांतलं अल्कोहोलही बाधू शकतं. लपवून देणं म्हणजे घरातल्या माणसावर विषप्रयोग आहे. तुम्हाला टोचून बोलायचं नाही. दर महिन्याला दोन-तीन घरं माझ्यासमोर अशीच पाकिटं ठेवतात.

व्यसन आहे का, हे 'किती पितो' यावर ठरत नाही. चार साधे प्रश्न विचारा, शक्यतो त्यालाच. कमी करायला हवी असं कधी वाटलं का? कोणी पिण्यावरून बोललं की डोकं फिरतं का? पिण्याबद्दल मनात खात राहतं का? सकाळी उठल्या उठल्या घोट लागतो का? दोन 'हो' आले तरी पुढची तपासणी करायची.

दवाखान्यात आम्ही सहा गोष्टी बघतो. तीव्र ओढ. सुरू केल्यावर थांबता न येणं. न घेतल्यास होणारा शारीरिक त्रास. तोच असर यायला वाढत जाणारं प्रमाण. बाकी सगळ्यातला रस जाऊन दिवस दारूभोवती फिरणं. आणि नुकसान डोळ्यांनी दिसत असूनही पिणं. वर्षभरात यातल्या तीन एकत्र दिसल्या की अवलंबित्व. यात 'इच्छाशक्ती कमी' असा निकष कुठेच नाही.

---

तापीकाठचा | १२ फेब्रुवारी, दुपारी २.०५

डॉक्टरसाहेब, जेवणाच्या सुट्टीत वहिनीला फोन लावून एकेक विचारलं.

ओढ : दुकान सकाळी उघडायच्या आधी हा फाट्यावर उभा. थांबता न येणं : मुलीच्या दहावीच्या निकालाला 'एकच' म्हणून गेला, रात्री दोघांनी उचलून आणला. त्रास : सकाळचा चहा तो कपबशीत घेत नाही, स्टीलचा पेला दोन्ही हातांनी धरतो. मला वाटायचं, थंडीमुळे. प्रमाण : आधी एक चपटी पुरायची, आता दोन क्वार्टर, वर 'थोडी'. रस : केळीची मृगबाग (पावसाळ्याच्या तोंडावरची लागवड) लावायची ती दोन वर्षं लावलीच नाही. नुकसान : हे तर सगळं गावच सांगेल.

सहाच्या सहा. फोन ठेवल्यावर मी कँटीनमध्ये बसून राहिलो. वहिनीने अजून एक सांगितलं. मोटरखोलीत स्टार्टरची पेटी आहे ना, तिच्या आत बाटली असते. लाइट गेली म्हणून वायरमनला बोलावलं, त्याने झाकण उघडलं, तेव्हा कळलं.

---

मनोमन | १२ फेब्रुवारी, रात्री ९.३०

एक हिशेब डोक्यात ठेवा. ४२.८ टक्क्यांच्या १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. दोन क्वार्टर म्हणजे १२० ग्रॅम. एवढं रोज घेणाऱ्याला घरी 'हळूहळू कमी कर' सांगून चालत नाही. भरती करून डिटॉक्स करा, म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीत शरीरातली दारू काढा. सोबत यकृताच्या तपासण्या, रक्त, सोनोग्राफी. आणि भरतीपर्यंत त्याची दारू घरच्यांनी जबरदस्तीने तोडू नये, हे विचित्र वाटलं तरी ऐका.

---

पारोळा_पोस्टमन | १२ फेब्रुवारी, रात्री १०.१२

कोंडण्यावर लिहितो. माझ्या चुलतभावाला २०११ च्या पोळ्याच्या आदल्या दिवशी असंच घरी बांधून ठेवलं होतं. तिसऱ्या रात्री तो भिंतीवरच्या मुंग्या झटकायला लागला, मेलेल्या आजोबांशी बोलायला लागला. घरचे म्हणाले, बाहेरचं लागलं. भगताकडे नेलं. लिंबू, मिरच्या, अंगारा. अंगात ताप होता तरी पाणी सोडलं डोक्यावर. पहाटे फिट आली. दवाखाना अकरा किलोमीटर.

मी तेव्हा ट्रॅक्टर चालवत होतो. ट्रॉलीत त्याचं डोकं माझ्या काकूच्या मांडीवर होतं. पोहोचलो नाही.

'बाहेरचं' काही नव्हतं. हे आज इथे डॉक्टरांचं वाचून पहिल्यांदा नीट कळलं.

---

भुसावळ_फलाट_४ | १२ फेब्रुवारी, रात्री १०.४०

पोस्टमन भाऊ, माफ करा. माझा वरचा प्रतिसाद काढता येत नाहीये. संपादकांनी उडवला तर बरं.

---

मनोमन | १३ फेब्रुवारी, सकाळी ७.००

उडवू नका, राहू द्या. तसंच वाटणारे शंभर जण वाचतील आणि खाली पोस्टमनभाऊंचं वाचतील.

---

जुना_गडी_शिरपूर | १३ फेब्रुवारी, रात्री ८.२२

जिभाऊ, मी बी त्याच वाटेनं जाई उनू. १४ वरीस व्हयी गयात. (आता प्रमाण मराठीत लिहितो, नाहीतर पुणेकर अर्थ विचारत बसतील.)

मी पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात ३५ दिवस होतो. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने सुरू केलेलं. तिथे पहिल्या दिवशी माझी झडती घेतली तेव्हा मला अपमान वाटला. दहाव्या दिवशी मीच नव्या आलेल्याला सांगत होतो की मोज्यात बघा, मी मोज्यात ठेवायचो.

दादाला 'तू बेवडा आहेस, कबूल कर' असं कोणी म्हणू नका. मला बायकोने, सासऱ्याने, सरपंचाने म्हटलं, दर वेळी मी चिडून जास्त प्यायलो. एक वयस्कर माणूस भेटला, तोही दारूतून उठलेला. त्याने एवढंच विचारलं, "सकाळी हात किती वाजता थांबतात?" कोणी तरी आतलं विचारलं म्हणून मी बोलायला लागलो.

त्याला घेऊन जवळच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मीटिंगला जा. १९३५ साली अमेरिकेत दोन बेवड्यांनीच सुरू केलं, १९५७ पासून भारतात आहे. फी नाही, नाव विचारत नाहीत, दारू सोडायची इच्छा एवढीच अट. 'फक्त आजचा दिवस' एवढंच ठरवायचं. मी आजही जन्मभराची शपथ घेतलेली नाही, आज रात्रीपुरतीच घेतली आहे.

---

तर्कट | १३ फेब्रुवारी, रात्री ९.०५

मीटिंग, प्रार्थना, 'उच्च शक्ती' वगैरे मला झेपत नाही. औषधाने होत असेल तर हा भक्तिमार्ग कशाला?

---

मनोमन | १३ फेब्रुवारी, रात्री १०.५०

तर्कटराव, दोन्ही चालतं, आणि बहुतेकांना दोन्ही लागतं. डिटॉक्स आठवडा-दहा दिवसांचं काम. शरीरातली दारू निघते, डोक्यातली नाही. नंतरसाठी डायसल्फिराम ही एकच गोळी नाही. नाल्ट्रेक्सोनने पिण्यातली मजा उतरते, अ‍ॅकॅम्प्रोसेटने सोडल्यानंतरची कासाविशी कमी होते (मूत्रपिंड ठीक हवं), यकृत बिघडलेलं असेल तर बॅक्लोफेनचा विचार करतात. कोणाला कोणती, ते तपासून. सोबत समुपदेशन. मीटिंगमध्ये देव नको असेल तर देवाच्या जागी समोर बसलेली माणसं धरा, अनेक जण तसंच करतात.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात (एम्स, दिल्ली) असं निघालं की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळतात. भक्तिमार्ग की औषध हा वाद बाकीच्या ३७ जणांपर्यंत पोहोचतच नाही.

---

तापीकाठचा | १९ फेब्रुवारी, पहाटे ५.१०

जळगावच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभागात आहोत. १४ तारखेला भरती केलं.

कसा तयार झाला ते सांगतो. मी गावी गेलो आणि मोटरखोलीत त्याच्याशेजारी बसलो. म्हटलं, पूड मी मागवली होती, आईची चूक नाही, माझी. तो बराच वेळ गप्प. मग मी शिरपूरच्या भाऊंचा प्रश्न विचारला, हात किती वाजता थांबतात. तो म्हणाला, "साडेआठ. घेतली तर." आणि रडला. मी दादाला आयुष्यात रडताना पाहिलेलं नव्हतं, बाबा गेले तेव्हाही नाही.

पहिला दिवस बरा गेला. दारू तुटल्याचा त्रास आवरायला क्लोरडायझेपॉक्साइडच्या गोळ्या, थायमिनची इंजेक्शनं. ग्लुकोजची सलाइन लावायच्या आधी सिस्टर थायमिन देत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, या माणसांत बी-१ संपलेलं असतं, नुसतं ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

दुसऱ्या रात्री अडीचला तो उठला आणि वॉर्डात केळी भरायला लागला. खरंच. वाकायचा, हवेतून घड उचलायचा, खांद्यावर घ्यायचा, चार पावलं जाऊन अलगद ठेवायचा. मजुरांवर ओरडत होता, "आपटू नका रे, डाग पडतो! पाला टाका खाली!" शेजारच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले, "तात्या, गाडी भरली, आता झोपा." तर त्यांना म्हणतो, "अजून दीड टन बाकी आहे."

डॉक्टरांनी औषध वाढवलं. चौथ्या दिवशी दुपारी डोळे उघडून त्याने मला विचारलं, गाडी गेली का? मी म्हटलं, गेली. म्हणाला, "पावती घेतली?"

हसू की रडू कळेना. पोस्टमन भाऊ, त्या रात्री तुमच्या ट्रॉलीची फार आठवण झाली.

---

पारोळा_पोस्टमन | १९ फेब्रुवारी, सकाळी ६.२०

वाचलं. बरं झालं.

---

कळण्याची_भाकरी | १९ फेब्रुवारी, दुपारी ३.४५

तापीकाठचा भाऊ, वहिनीकडे बघा जरा. इथे सगळे दादाचंच विचारतायत.

माझं लग्न होऊन एकवीस वर्षं झाली, त्यातली सोळा दारूत गेली. मी काय काय केलं सांगू? शाळेत फोन करून 'सरांना ताप आहे' सांगायचे (नवरा शिक्षक). दुकानदाराची उधारी माझ्या शिवणाच्या पैशातून फेडायचे, गावात अब्रू जाऊ नये म्हणून. बाटल्या मोरीत ओतायचे आणि तो दुसऱ्या आणायचा. कानबाईच्या रोटांच्या दिवशी पाहुण्यांसमोर तो पडला तर 'उपासाने चक्कर आली' म्हणाले. मी त्याची दारू सांभाळत होते, हे मला मुक्तांगणच्या बायकांच्या सहचरी गटात कळलं. तिथून आले आणि पहिल्यांदा शाळेत फोन केला नाही. हेडमास्तरांनी बोलावलं, नोकरी जायची वेळ आली, तेव्हा तो भरती झाला.

मला सासूने 'घर मोडणारी' म्हटलं. दोन वर्षं बोलत नव्हत्या.

वहिनीला सांगा, त्याने लपवलेलं शोधत फिरू नको आणि झाकूनही घालू नको. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या मीटिंगा असतात. तो सुटो न सुटो, तिने जावं.

---

अनामिक_जळगाव | १९ फेब्रुवारी, रात्री ११.५५

दारू बाईची असेल तर? नाव नको. सध्या वाईन, रोज, पोरं झोपल्यावर.

---

मनोमन | २० फेब्रुवारी, सकाळी ७.१०

तर निकष तेच आणि उपचारही तेच. फक्त बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, त्यामुळे तेवढ्याच दारूने यकृताचं नुकसान लवकर होतं. आणि बाई उशिरा येते, कारण घर तिला येऊ देत नाही. टेली-मानस १४४१६ वर फोन करा, नाव सांगायची सक्ती नाही, मराठीत बोलता येतं. व्यसनासाठी वेगळी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे. मला व्यक्तिगत निरोप पाठवलात तरी चालेल.

---

सातपुडा_मास्तर | २१ फेब्रुवारी, रात्री ९.१५

थोडं विषयाला सोडून, पण खान्देशचा धागा आहे म्हणून. मी धडगाव भागात शिक्षक. इथे मार्च-एप्रिलला पहाटे बायका-पोरं मोहाची फुलं वेचायला जातात, वर्ग अर्धा रिकामा असतो. मोहाची दारू इथे देवाला लागते, पितरांना लागते, लग्न ठरवताना लागते. पहिले थेंब जमिनीवर सांडून मग प्यायची. ती सणाची, मापाची.

आता रस्त्याने आली ती वेगळी : देशी, आणि गुळात नवसागर घालून काढलेली हातभट्टी. दोन्हींना शहरातले लोक 'आदिवासींची दारू' म्हणतात, याचा मला राग येतो. मोहाच्या घरात सणापुरतं पिणारा म्हातारा आणि सकाळी सातला प्लॅस्टिकची पिशवी तोंडाने फाडणारा विशीतला पोरगा यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरा गुजरातेत ऊसतोडीला जातो, परत येतो तो हात थरथरत.

त्याला नंदुरबारला न्यायचं तर घाट उतरून अर्धा दिवस, एका माणसाची मजुरी बुडते. आधी बडवा (इथला भगत), मग मी, मग पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र), असा क्रम लागतो. मी हल्ली बडव्यालाच धरलंय. त्याला सांगितलं, हात थरथरत असतील आणि मुंग्या दिसत असतील तर तुझं तू कर, पण गाडीत बसवून कर. तो ऐकतो. त्याचा स्वतःचा मुलगा होता.

---

आडवी_बाटली | २२ फेब्रुवारी, सकाळी ११.३०

आमच्या गावी बायकांनी मतदान घेऊन दुकान बंद पाडलं. आडवी बाटली जिंकली, गुलाल उधळला. तीन महिन्यांत फाट्यावरच्या ढाब्यावर तीच बाटली वीस रुपये जास्त देऊन मिळायला लागली. तरी मी पुन्हा मतदान करेन. शाळेच्या वाटेवर दुकान नाही एवढं तरी झालं. पण ज्यांना लागलेली होती त्यांचं काय, याचा विचार आम्ही केलाच नव्हता हे खरं.

---

तापीकाठचा | २४ फेब्रुवारी, रात्री १०.००

डिटॉक्स झाला. यकृत सुजलेलं आहे पण परत फिरण्याजोगं, असं म्हणाले. आता केंद्र शोधतोय. एका ठिकाणी फोन केला तर म्हणे, "पेशंट तयार नसला तरी चालेल, आमची गाडी येऊन उचलून नेते. तीन महिने भेट नाही, फोन नाही." बरं वाटलं नाही.

---

जुना_गडी_शिरपूर | २४ फेब्रुवारी, रात्री १०.२५

बिलकुल पाठवू नका. माझा एक मीटिंगमधला दोस्त अशा ठिकाणाहून पाठीवर वळ घेऊन आला. नाव घेत नाही, प्रकरण कोर्टात आहे. सुटल्यावर तो स्टँडवर उतरला आणि घरी जायच्या आधी दुकानात गेला.

---

मनोमन | २५ फेब्रुवारी, सकाळी ७.०५

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे आणि दारूच्या गैरवापरातून होणारे मानसिक आजार त्यात येतात. असे रुग्ण ठेवणाऱ्या संस्थेला नोंदणी लागते. साखळीने बांधणं सरळ बेकायदा. मर्जीविरुद्ध भरती करायचीच असेल तर नेमलेल्या प्रतिनिधीचा अर्ज आणि दोन तज्ज्ञांनी स्वतंत्र तपासणं लागतं, तेही मर्यादित दिवसांसाठी. 'गाडी येऊन उचलते' याला अपहरण म्हणतात.

जाऊन बघा. नोंदणीचा कागद मागा. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यात किती वेळा येतात, रात्री फिट आली तर कुठे नेतात, घरच्यांना कधी भेटता येतं, बाहेर पडल्यावर फॉलोअप किती महिने, हे विचारा. आणि स्वयंपाकघर बघा. तिथे काम करणारे पूर्वीचे रुग्ण असतील आणि ते थट्टामस्करी करत असतील तर जागा बरी असते. हा माझा खासगी निकष, पुस्तकात नाही.

---

तापीकाठचा | ६ एप्रिल, रात्री ९.४०

दादा काल घरी आला. पाच आठवडे केंद्रात राहिला. (स्वयंपाकघर बघूनच ठरवलं. भेंडी चिरताना दोघं लेवा बोलीत भांडत होते.)

डॉक्टरांनी डायसल्फिराम सुचवलं होतं, रोज सकाळी वहिनीसमोर घ्यायचं. त्याने हात जोडले, म्हणाला, ते नको, त्याची चव आठवते. खरं तर चव नव्हतीच. मग नाल्ट्रेक्सोन सुरू केलं. यकृताची तपासणी दर महिन्याला.

घरात ठरलंय ते असं : कापणीचा पैसा वहिनीच्या खात्यात. व्यापाऱ्याला दादाने स्वतः फोन करून सांगितलं, कारणासकट. मला वाटलं नव्हतं तो सांगेल. संध्याकाळी सहा ते आठ ही वेळ वाईट, तेव्हा शेतात एकटं राहायचं नाही. भूक, राग, एकटेपणा, थकवा, यातलं काहीही झालं की आधी फोन. जुना गडी भाऊंनी गाठ घालून दिलेले एक काका आहेत, फैजपूरकडचे, ते रोज रात्री साडेसातला फोन करतात आणि हवामानावर बोलतात. नुसतं हवामान.

एक गोष्ट मात्र राहिली. तो वरण खात नाही. भाजी-भाकरी खातो, ठेचा खातो, वरणाची वाटी बाजूला सरकवतो. आई काही बोलत नाही, रोज वाढते.

---

तापीकाठचा | २ मे, दुपारी १२.३०

घसरला. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला). ७५ वा दिवस होता.

आमच्याकडे आखाजीला पत्ते बसतात हे खान्देशातल्यांना सांगायला नको. दुपारी झोक्यावर पोरी गाणी म्हणत होत्या, हा मागच्या गल्लीत पत्त्यांत. हरला, मग जिंकला. जिंकल्यावर प्यायला, हे तो स्वतः म्हणतो. अर्धी क्वार्टर. पूर्वीसारखी मजा आली नाही म्हणे, आणि उरलेली तशीच ठेवून निघाला. घरी न येता फैजपूरच्या काकांकडे गेला, रिक्षाने. रात्री त्यांच्याकडेच झोपला.

वहिनीने मला फोन केला तेव्हा मी आधी चिडलो. सगळं पाण्यात, असं वाटलं. आता काय, पुन्हा केंद्र?

---

कळण्याची_भाकरी | २ मे, दुपारी १.१०

लपवलं नाही ना? स्वतः गेला ना काकांकडे? मग चिडू नका. आमच्या सरांच्या तीन स्लिपा झाल्या. पहिल्या दोन मला महिन्याने कळल्या, तिसरी त्याच संध्याकाळी. तिसरीनंतर सात वर्षं झाली.

---

मनोमन | २ मे, रात्री ९.२०

पुन्हा केंद्र लगेच नको. उद्याच्या उद्या दाखवा, गोळी चुकवत होता का बघू. घसरण हा या आजाराचा भाग आहे, मधुमेहात साखर वाढते तसा. साखर वाढली म्हणून आपण मधुमेह्याला घराबाहेर काढत नाही. पत्ते मात्र बंद करायला लागतील. जिंकण्याची झिंग आणि दारूची झिंग यांची मेंदूत शेजारशेजार घरं आहेत.

---

जुना_गडी_शिरपूर | २ मे, रात्री ९.४५

त्याला म्हणा, शिरपूरवाला विचारत होता : अर्धी ठेवून उठलास कसा? मला कधीच जमलं नव्हतं.

---

तापीकाठचा | २८ मे, रात्री १०.१५

जुना गडी भाऊ, तुमचा प्रश्न विचारला. म्हणाला, "काकाचा फोन यायची वेळ झाली होती." बस्स.

आज २८ वा दिवस. मोजणी पुन्हा एकपासून करायची, असं त्यानेच ठरवलं. पत्ते बंद. या वर्षी मृगबाग लावतोय, रोपं सांगून ठेवली आहेत. सकाळी चहा कपबशीत घेतो, बशीत ओतून. हात अगदी स्थिर नाहीत, पण सांडत नाही. वरण अजून नाही.

---

भुसावळ_फलाट_४ | २८ मे, रात्री १०.३०

छान वाटलं वाचून. एक विचारू का? मोटरखोलीची चावी आता कोणाकडे असते?

---

तापीकाठचा | २८ मे, रात्री १०.४२

दादाकडेच. स्टार्टरच्या पेटीचं झाकण त्याने स्वतःच काढून टाकलंय. आत काय आहे ते दारातूनच दिसतं.

---

पारोळा_पोस्टमन | २८ मे, रात्री १०.५०

अहो, झाकण लावून घ्या. पाऊस तोंडावर आलाय, ओल्या हाताने शॉक बसेल.

---

तापीकाठचा | २९ मे, सकाळी ६.०५

सांगितलं. म्हणाला, काचेचं बसवतो.